वाचक विचारतात: साबळे, स्टीपलचेस आणि आपलं सोळाशे

मागच्या अंकात आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेवर एक छोटी चौकट छापली होती, तीन हजार मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर आहे आणि एशियन गेम्सचं गोल्ड आहे, बस एवढंच. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा कॉलम त्यालाच देऊन टाकला. पिकावरचे आणि जमिनीच्या वादाचे प्रश्न पुढच्या अंकात, कुणी नाराज होऊ नका.

प्रश्न : नातवानं मोबाईलवर साबळेची रेस दाखवली. पोरगं भारी पळतंय पण मधीच पाण्यात काहून उडी मारतंय? कोरड्यातून जायला जागा नसती का? अन ती लाकडं आडवी कशाला टाकलेत? (एक आजोबा, अंबाजोगाई)

आजोबा, बाजूनं कोरडी जागा असती, पण तिकडून गेलं की बाद. हा खेळच तसला आहे. तीन हजार मीटर म्हणजे ट्रॅकचे साधारण साडेसात राउंड, त्यात २८ वेळा आडवं लाकूड आणि ७ वेळा पाणी, असे एकूण ३५ अडथळे. पुरुषांचं लाकूड ९१.४ सेंटीमीटर उंच, म्हणजे बरोबर तीन फूट. आणि ते ११० मीटर हर्डलसारखं पाय लागला की आडवं होत नाही, एकेकाचं वजन ८० ते १०० किलो असतं, त्यामुळं पाय लागला तर लाकूड जागेवर राहतं अन माणूस पडतो. पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलला इथिओपियाचा लमेचा गिरमा, ज्याच्या नावावर ७:५२.११ चं वर्ल्ड रेकॉर्ड आहे, शेवटच्या राउंडला असाच आपटला आणि त्याला स्ट्रेचरवर न्यावं लागलं. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत.

आता पाण्याचं. लाकडाच्या पलीकडं ३.६६ मीटरचा, म्हणजे बारा फुटी हौद असतो, लाकडाच्या बुडाला सगळ्यात खोल आणि पुढं पुढं उथळ होत जातो. ज्याच्यात दम आहे तो लांब पडतो आणि घोट्याएवढ्या पाण्यातून निघून जातो, दमलेला जवळ पडतो, खोल पाण्यात, अन तिथून बाहेर यायला परत ताकद लावावी लागते. म्हणजे दमलेल्याला अजून दमवायची पक्की सोय करून ठेवलीय. नातवाला परत व्हिडिओ लावायला सांगा आणि पळणाऱ्याचं तोंड सोडून फक्त पाय बघा. एक पाय लाकडाच्या माथ्यावर पडतो, गुडघा चांगला वाकलेला, डोकं वर उचललेलं नसतं, अंग लाकडाच्या पुढं सरकलं की मग त्या पायानं मागं रेटा मिळतो, आणि उतरताना एक पाय पाण्यात पडला की दुसरा सरळ कोरड्यावर. ज्याला हे जमत नाही तो वर उडी मारतो, दिसायला झकास दिसतं पण सगळा वेळ हवेतच जातो. लाकडाला पाय टेकवा, हात टेकवा, नियमात चालतं. बूट पहिल्याच हौदाला भिजतात आणि पुढची सहा-सात मिनिटं तसंच पचपच करत पळायचं असतं.

प्रश्न : वृत्तपत्रांत कधी '३७ वर्षांचा विक्रम मोडला' असे येते तर कधी 'दहाव्यांदा विक्रम मोडला'. एकच खेळाडू एकच विक्रम दहा वेळा कसा मोडतो? क्रमवार सांगावे. (निवृत्त शिक्षक, जालना)

गुरुजी, दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. ३७ वर्षांचा विक्रम गोपाल सैनी यांचा होता, १९८१ साली टोकियोत त्यांनी ८ मिनिटं ३०.८८ सेकंद वेळ दिली आणि ती २०१८ पर्यंत कुणाला हलली नाही. सप्टेंबर २०१८ ला भुवनेश्वरच्या नॅशनलमध्ये साबळेनं ८:२९.८० केलं, म्हणजे जेमतेम एका सेकंदानं मोडला. गंमत म्हणजे त्याच वर्षी घोट्याच्या दुखापतीमुळं जकार्ता एशियन गेम्सची त्याची संधी गेली होती. तिथून पुढं तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला. मार्च २०१९ ला पटियालात ८:२८.९४, मग दोहाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला एकाच आठवड्यात दोनदा, हीटला (म्हणजे फायनलच्या आधीच्या चाळणी शर्यतीला) ८:२५.२३ आणि फायनलला ८:२१.३७. मार्च २०२१ ला परत पटियाला ८:२०.२०, टोकियो ऑलिंपिकला ८:१८.१२, मार्च २०२२ ला तिरुवनंतपुरम ८:१६.२१, जूनमध्ये रबातच्या डायमंड लीगला (जगातल्या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धांची मालिका) ८:१२.४८, ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ८:११.२०, आणि ७ जुलै २०२४ ला पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१. मोजा, दहा भरतात.

दोहाचा किस्सा सांगायलाच पाहिजे. हीटमध्ये पुढच्याच्या पडण्यात हा अडकला, लय खलास झाली, तरी राष्ट्रीय विक्रम करून सातवा आला पण फायनलला बाहेर. भारतीय फेडरेशननं तक्रार केली, अडथळा झाल्याचं पंचांनी मान्य केलं आणि त्याला फायनलमध्ये जादा म्हणून घेतलं. तिथं तो तेरावा आला पण ८:२१.३७ नं टोकियो ऑलिंपिकची ८:२२ ची पात्रता पार केली. तक्रार वेळेत झाली नसती तर कदाचित पुढचं गणित वेगळं झालं असतं, म्हणून मी म्हणतो की खेळाडूबरोबर नियमाचं पुस्तक वाचलेला एक माणूस पाहिजेच.

आता हे आकडे नुसते वाचले तर काही वाटत नाही. सहा वर्षांत वीस सेकंद, त्यात काय. पण २०१८ चा साबळे आणि २०२४ चा साबळे एकाच रेसमध्ये सोडले असं समजा, तर २०२४ वाला लाईन ओलांडेल तेव्हा २०१८ वाला, जो त्या दिवशी भारताच्या इतिहासातला सगळ्यात वेगवान होता, तो जवळपास १२० मीटर मागं असेल.

बाकी नुसतं स्टीपलचेस नाही. नोव्हेंबर २०२० ला दिल्ली हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदात, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद अशा चालीनं एकवीस किलोमीटर, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. मे २०२२ ला अमेरिकेत ५००० मीटर १३:२५.६५, त्यानं बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा विक्रम गेला, पुढच्या वर्षी तोच १३:१९.३० वर आणला. हा ५००० चा विक्रम नंतर गुलवीर सिंगनं घेतला. विक्रम काय सातबारा नाही गुरुजी, कायम नावावर राहायला.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये भांडण चालू आहे. एकजण म्हणायलाय साबळे फक्त एशियात भारी, वर्ल्ड लेवलला काही नाही, नाहीतर ऑलिंपिक मेडल आलं असतं. मी म्हणायलोय की तसं नाही. कोण बरोबर? (कॉलेज विद्यार्थी, लातूर)

तुझा मित्र अर्धा बरोबर आहे आणि तू पण अर्धाच. वर्ल्ड रेकॉर्डपासून साबळेची बेस्ट वेळ जवळजवळ १८ सेकंद लांब आहे, ट्रॅकवर ते अंतर शंभर मीटरच्या वर जातं, हे नाकारून चालत नाही. पण ऑलिंपिक फायनल घड्याळाशी नसते रे, माणसांशी असते. २०२२ ला युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं बघ. मोरोक्कोचा सूफियान अल बक्काली ८:२५.१३ मध्ये जिंकला. ८:२५! साबळेनं त्याच्या दीडेक महिना आधी ८:१२ मारलेलं. तरी साबळे अकरावा, ८:३१.७५. कारण सगळे मुद्दाम हळू पळत राहिले आणि शेवटच्या राउंडला जी मुसंडी मारली त्यात आपला मागं पडला. त्याची ताकद एकसारखी चाल धरून ठेवण्यात आहे, घोळक्यात दबा धरून बसायचं आणि शेवटच्या ३०० ला सुटायचं हे आफ्रिकनांना लहानपणापासून अंगात असतं, आपल्याकडं तसल्या रेस मिळतच नाहीत. देशात पळायला उतरला की पहिल्या राउंडपासून एकटाच पुढं, मग धक्काबुक्की शिकणार कुणाशी?

नशिबानंही दोनदा दगा दिला. टोकियोला राष्ट्रीय विक्रम करून हीटमध्ये सातवा, बाहेर. त्याच्यापेक्षा हळू पळालेले वेगळ्या हीटमधून फायनलला गेले. २०२३ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला चांगल्या टायमिंगच्या जोरावर आत घ्यायची सोयच काढून टाकलेली, प्रत्येक हीटचे पहिले पाच फक्त, हा परत सातवा. पॅरिस ऑलिंपिकला मात्र हीटमध्ये बरोबर पाचवा आला, ८:१५.४३, आणि स्टीपलचेसची ऑलिंपिक फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष झाला. फायनलला सुरुवातीला पुढं होता, शेवटी अकरावा, ८:१४.१८. ब्राँझ किती वेळेला गेलं माहितीय का? ८:०६.४७. साबळेची महिन्यापूर्वीची वेळ ८:०९.९१. साडेतीन सेकंद. हे तुझ्या मित्राला वाचून दाखव.

आणि ग्रुपवर हे पण टाक. लोक हांगझोऊचं गोल्ड धरून बसतात, १ ऑक्टोबर २०२३, ८:१९.५०, एशियन गेम्स रेकॉर्ड, पुरुष स्टीपलचेसमधलं भारताचं पहिलं एशियन गेम्स गोल्ड, जपानचा दुसरा आलेला चार सेकंदांपेक्षा जास्त मागं. भारीच आहे, वर तीन दिवसांनी ५००० ला सिल्वर पण घेतलं. पण माझ्या लेखी त्याची सगळ्यात मोठी रेस बर्मिंगहॅमची, जिथं तो हरला. कॉमनवेल्थमध्ये १९९८ पासून या प्रकारात गोल्ड, सिल्वर, ब्राँझ तिन्ही केनियालाच जायची, दर वेळी, बाकीचे देश आपले हजेरी लावायला. रिओचा ऑलिंपिक चॅम्पियन कॉन्सेस्लस किप्रुटो पण त्या रेसमध्ये होता, तो मागं राहिला. अब्राहम किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद, त्या वेगात दीड वीतभर अंतर. तिसरा केनियन पाच सेकंद मागं. या किबिवोटनंच पुढं पॅरिसला ब्राँझ घेतलं. तर फक्त एशियात भारी म्हणणाऱ्याला विचार, दीड वीत म्हणजे किती लांब?

प्रश्न : सर, मी २१ चा. पोलीस भरतीची तयारी करायलोय. पहाटे डांबरी रोडवर पळतो, रोज पूर्ण सोळाशे मारतो, टायमिंग ५:४० च्या खाली येईना, पाहिजे ५:१०. नडगी लई दुखायलीय. अकॅडमीतले सर म्हणतात साबळे रोज शाळेत पळत जायचा म्हणून एवढा झाला, तुम्ही गाडीवर फिरणारे, तुमच्याच्यानं व्हायचं नाही. मला उशीर झालाय का? (माजलगाव)

भावा, पहिलं म्हणजे नडगी. रोज डांबरीवर पूर्ण ताकदीनं पळतोयस, ती दुखणारच. आठ-दहा दिवस पळणं कमी कर, सायकल चालव, मग मातीवर ये, शेतातली गाडीवाट, शाळेचं मैदान, काहीही चालेल. बुटाचा तळ एका बाजूनं झिजलाय का बघ, झिजला असेल तर बदल. आणि एक तपास स्वतः करायचा: हाडावर बोटानं दाबत खाली ये, जर एकाच टिचभर जागी जीव जातोय आणि साधं चालताना पण दुखतंय तर हाडाला बारीक चीर असू शकती, मग गोळी खाऊन पळायचं नाही, सरळ हाडाच्या डॉक्टरकडं जायचं.

आता साबळेची गोष्ट. शाळेची गोष्ट खरी आहे, मांडवा गावातून शाळा सहा किलोमीटरच्या आसपास आणि गाडीची सोय नाही, चालत-पळत जायचा. पण मला सांग, आपल्या मराठवाड्यात त्या पिढीतली किती लेकरं तशीच जात होती? बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात तर निम्मी. सगळी ऑलिंपिकला गेली का? काही ऊसतोडीला गेली, काही पुण्याला कंपनीत. साबळे घडला तो शाळेच्या रस्त्यावर कमी आणि नंतर जास्त. बारावी झाली, आर्मीत गेला, ५ महार रेजिमेंट. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीमला राहिला. स्पर्धेत पळणं सुरू केलं २०१५ ला, आर्मीच्या क्रॉसकंट्रीपासून. तेव्हा त्याचं वय काय होतं? जन्म सप्टेंबर १९९४ चा, कर हिशोब. तुझ्याच वयाचा होता.

आणि तेव्हा काही तो हरणासारखा नव्हता. मधी वजन इतकं वाढलेलं की तीन महिन्यांत वीस किलो उतरवावं लागलं. २०१७ ला आर्मीचे कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं आणि पुढच्या वर्षी ३७ वर्षांचा विक्रम पडला, तेव्हा हा चोवीसचा. मधी काही काळ बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडं होता, परत अमरीश कुमार, नंतर अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला स्कॉट सिमन्स यांच्याकडं, ते शहर समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरवर आहे, हवेत ऑक्सिजन कमी म्हणून शरीर रक्तातल्या लाल पेशी वाढवतं आणि खाली आल्यावर दम पुरतो. तर हे सगळं मिळालं म्हणून तो झाला: दोन वेळचं पोटभर सकस जेवण, महिन्याचा पगार, सकाळी पळायची मोकळीक, डोळ्यात तेल घालून घड्याळ बघणारा कोच. आपल्याकडं भाषणात त्याची गरिबीच तेवढी सांगतात कारण ती सांगायला सोपी आहे आणि त्याला खर्च येत नाही. तुमच्या सरांना विचार, आठवड्यात कुठल्या दिवशी काय पळायचं हे कधी लिहून दिलंय का.

मी लिहून देतो, नडगी बरी झाल्यावर कर. रोज पूर्ण सोळाशे मारणं आधी बंद, ती परीक्षा आहे, अभ्यास नाही, पंधरा दिवसांतून एकदा बास. आठवड्यात एक दिवस ४०० चे सहा तुकडे, प्रत्येक ७७-७८ सेकंदात, मधी दोन-अडीच मिनिटं चालायचं. सहा जमेनात तर चार कर पण वेळ पाळ. एक दिवस आठ-दहा किलोमीटर आरामात, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्या चालीनं, हे पोरांना कमीपणाचं वाटतं पण दम यानंच वाढतो. दोन दिवस पाच किलोमीटर साधं. एक दिवस चढावर छोट्या धावा आणि गोळाफेकीचं बघून घे. बाकीचे दोन दिवस खरोखर आराम, मित्राच्या लग्नात नाचायला नाही जायचं.

५:१० म्हणजे ४०० ला साडेसत्त्याहत्तर सेकंद. तू आत्ता ८५ नं चाललायस. मला खात्री आहे तू पहिला राउंड सत्तरला काढत असशील, पब्लिक बघतंय म्हणून, आणि तिसऱ्याला मरत असशील. पहिला ७६-७७ ला काढ, पुढं कितीही जण पळू देत. साबळेचा हिशोब लाव हवं तर, त्याची ८:०९.९१ म्हणजे ४०० ला सरासरी ६५, लाकडं आणि पाणी धरून, म्हणजे तुझं सोळाशे तो अडथळ्यांवरून ४:२१ ला मारतो आणि नंतर अजून चौदाशे मीटर बाकी असतात. ही चाल त्याला कुणी एका हंगामात दिली नाही, वर जालन्याच्या गुरुजींना यादी दिलीय ती वाच, कुठं एक-दोन सेकंद, कुठं तीन-चार सेकंद असंच आलंय.

आणि ग्राउंडच्या आधी कुणी इंजेक्शन घे म्हणलं, काही होत नाही म्हणलं, तर त्याच्यापासून लांब पळ, तेवढंच चांगलं टायमिंग लागेल.

प्रश्न : साबळे नगरचा का बीडचा? आमचे नगरचे पाहुणे आमचाच म्हणून सांगतात. (गेवराई)

बीडचा. मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड, मराठवाडा. आता आष्टीवाल्यांना बाजार नगर जवळ, दवाखाना नगर जवळ, २०२२ ला रेल्वे आली ती पण नगरवरूनच आली, म्हणून पाहुण्यांचा गैरसमज होतो. प्रेमानं म्हणत असतील तर म्हणू द्या, चहा पाजा. बक्षीस जाहीर करत असतील तर दोन्ही जिल्ह्यांनी करावं.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, शाळेत १५०० मीटरला पहिली येते. तिला साबळेसारखं लाकडावरून पळायचंय. घरात सासूबाई आणि शेजारपाजारचे म्हणतात की पोरीच्या जातीनं असल्या उड्या मारू नयेत, पुढं लेकरंबाळं व्हायला त्रास होतो. खरं आहे का? (एक आई, तुळजापूर)

नाही ताई, खरं नाही. सासूबाईंना दुखावू नका पण त्यांना आपल्याच महाराष्ट्रातली ललिता बाबर सांगा. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, तोही दुष्काळी पट्टाच, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला याच स्टीपलचेसची फायनल पळाली, दहावी आली. तिच्या आधी सुधा सिंगनं २०१० च्या एशियन गेम्समध्ये याच प्रकारात गोल्ड घेतलं, म्हणजे साबळेच्या तेरा वर्षं आधी. आणि हांगझोऊला पारुल चौधरीनं स्टीपलचेसचं सिल्वर आणि ५००० चं गोल्ड आणलं. खरं बघितलं तर या खेळात भारताच्या बाया पुरुषांच्या पुढं होत्या, साबळेनं येऊन बरोबरी केली. ऑलिंपिकमध्ये बायकांचं स्टीपलचेस २००८ पासून आहे आणि त्यांचं लाकूड थोडं खाली असतं, ७६.२ सेंटीमीटर, अडीच फूट.

पण चौदाव्या वर्षी थेट लाकूड नको. आत्ता १५०० आणि ८०० पळू द्या, लंगडी, दोरीवरच्या उड्या, लांब उडी हे सगळं उपयोगाचं आहे. बुटक्या प्लॅस्टिकच्या हर्डलवरून कधी डाव्या तर कधी उजव्या पायानं उडी घ्यायला शिकू द्या, कारण एकाच पायावर उडी घ्यायची सवय लागली की पुढं लाकडासमोर पाऊल जुळवत बसावं लागतं आणि वेग जातो. खरं वजनदार लाकूड सोळा-सतराला, तेही कोच समोर असताना.

तुम्ही दोन गोष्टी बघा, त्या कोच बघत नाही. एक, वर्षातून एक-दोनदा रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. वाढत्या वयाच्या, पळणाऱ्या पोरींचं रक्त कमी होतं आणि मग सगळे म्हणतात आळशी झाली, मन लागेना. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, डाळ, चालत असेल तर अंडी, आणि जेवणाबरोबर लिंबू, त्यानं लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा देऊ नका. दुसरं म्हणजे पाळी. सुरू झालेली पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर "पळती म्हणून होतं तसं" असं कुणी म्हणलं तरी ऐकू नका, पळण्याच्या मानानं खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकती, लेडी डॉक्टरला दाखवा. आणि पळायला नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या ताई, बुटाइतकंच ते गरजेचं आहे, आणि हे सांगायला पोरी लाजतात म्हणून आईनंच उठून घेऊन द्यावं.

प्रश्न : साबळेच्या गुडघ्याला लागलं होतं म्हणे. संपलं का त्याचं करिअर? (केज)

मे २०२५ ला कोरियात गुमीला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं, ८:२०.९२, आणि दीड महिन्यात मोनॅको डायमंड लीगला गुडघा गेला. लिगामेंट आणि आतली गादी, ऑपरेशन झालं, सप्टेंबरची टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. असल्या ऑपरेशननंतर साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं आणि स्टीपलचेसवाल्याला तर त्याच गुडघ्यावर लाकडावरून उतरायचं असतं. अवघड आहे, पण संपलं म्हणायची घाई आपण कशाला करायची? संपलं की तो स्वतः सांगेल.

प्रश्न : साबळेचे सत्कार करणारे पुढारी मराठवाड्यात ट्रॅक का करत नाहीत? आमच्याकडं क्रीडा संकुल आहे पण गेटला कुलूप. (परभणी)

राग बरोबर आहे. सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर उत्तमच, मागत राहा, निवेदनं द्या. पण तो होईपर्यंत पोरं थांबणार नाहीत, म्हणून मी छोटं मागणं सुचवतो, जे नाही म्हणायला अवघड जातं. ४०० मीटरचा मातीचा ट्रॅक, खडे वेचून, चुन्याची लाईन मारून, रोलर फिरवून ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खर्चात होतो. माप मात्र टेपनं घ्या, पावलानं नको, आमच्याकडं कितीतरी गावांत पोरं ३७० मीटरला ४०० समजून पळतात आणि भरतीच्या ग्राउंडला गेल्यावर रडतात. नुसती चुन्याची लाईन असेल तर आतल्या लाईनपासून २० सेंटीमीटर बाहेर धरून मोजायचं असतं. कडेला तीन फुटांचं एक पक्कं आडवं लाकूड रोवा, पाण्याचा हौद नसला तरी चालेल.

आणि कुलपाचं असं करा, संकुलाच्या वेळेचा लेखी अर्ज द्या, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या नावानं, पोच घ्या. मागणी एकच ठेवा: गेट पहाटे पाचला उघडावं. आमच्या उन्हाळ्यात सकाळी नऊला उघडणारं मैदान काय कामाचं, तोवर पळणारा पळून, अंघोळ करून कामावर गेलेला असतो.